नाद गाळण्याचा अधिकार

विजेच्या गिटारविषयीं एखाद्या वाङ्मयीन मासिकांत लेख यावा, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. ज्या वाद्याचा संबंध बहुतेक सुशिक्षितांच्या मनांत तरुणांचा गोंगाट आणि शेजाऱ्यांची झोपमोड यांच्याशींच जडलेला आहे, त्यांत नीतिविचार करणारानें लक्ष घालावें असें काय असणार? परंतु त्या वाद्याच्या अंगावर, वाजविणाराच्या उजव्या हाताच्या टप्प्यांत, एक लहानसा नॉब असतो. त्यास 'टोन' म्हणतात. त्याच्या पोटीं जो प्रश्न दडलेला आहे तो गोंगाटाचा खास नव्हे. तो फार जुना आहे, आणि आमच्या मतें अद्याप सुटलेला नाहीं.

सर्वसाधारण समजूत अशी कीं, हा नॉब फिरविला म्हणजे स्वरांत कांहीं तरी भर पडते. गोडवा येतो, भारदस्तपणा येतो. वस्तुस्थिति निराळी आहे. गिटारच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक बसविलेले असतात आणि त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. या सर्वांस मिळून पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें आणि त्या वेढ्यांत अत्यंत क्षीण विद्युत् उत्पन्न होते. अमेरिकेंत जॉर्ज बोशांप यानें १९३१ च्या सुमारास ही युक्ति गिटारला लावली. १९३२ सालीं तशीं वाद्यें बाजारांत आलीं आणि १९३७ सालीं तिचें पेटंट मिळालें. आतां ही विद्युत् वाद्याबाहेर पडण्यापूर्वीं तिच्या वाटेंत एक फांटा काढलेला असतो. त्या फांट्यावर कमीजास्त करतां येण्यासारखा एक रोध आणि एक चिमुकला कपॅसिटर असतो; त्याचें माप बहुधा ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड. कपॅसिटरचा गुण असा कीं, जलद कंपनांस तो वाट देतो आणि मंद कंपनांस अडवितो. नॉब दहावर असतां रोध मोठा असतो, म्हणून फांटा जवळजवळ बंद; नॉब शून्याकडे नेला कीं फांटा उघडतो, आणि स्वरांतील उंच व तीक्ष्ण अंश त्या वाटेनें 'अर्थ'मध्यें निघून जातात. उरतें तें आपल्या कानास मऊ लागतें. हा नॉब दाता नव्हे. तो काढून घेणारा आहे.

एखाद्या नादांतून कांहीं काढून टाकून त्यास अधिक रम्य करणें, यांत कला किती आणि लपवाछपवी किती? आणि तो नाद तारेचा नसून माणसाच्या कंठाचा असेल, तर काढण्याचा अधिकार कोणाचा? पहिल्या प्रश्नाचें उत्तर कोणीहि रसिक सहज देईल. दुसऱ्याची गोष्ट तशी नाहीं. शिवाय तो आमच्यापुढें आला तो पुस्तकांतून आला नाहीं, शेंद्र्याहून आला.

छत्रपति संभाजीनगराहून जालन्याच्या रस्त्यानें पूर्वेस गेलें म्हणजे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. २००१ सालीं येथें स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढें शेंद्रा-बिडकीन मिळून ऑरिक नांवाचें नवें औद्योगिक नगर आंखलें गेलें. मूळ गांव मात्र शेंद्रा कमंगर, आणि मांगीरबाबाच्या चैत्रांतील यात्रेमुळें मराठवाड्यांत त्याचें नांव कारखान्यांच्या फार आधींपासून सर्वतोमुखीं आहे. 'कमानगर' हा फारसी शब्द धनुष्यें करणारास लागतो. आणि तंतुवाद्यांचा पूर्वज शिकाऱ्याचें धनुष्य असावें असें संगीताचे कित्येक इतिहासकार मानीत आले आहेत, ही गोष्ट जातां जातां नमूद करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

आमचा एक जुना विद्यार्थी या वसाहतींतील एका कारखान्यांत नोकरीस आहे. दिवसभर तारांच्या जुड्या तपासणें हें त्याचें काम. रात्रीं भाड्याच्या खोलींत तो स्वतःची स्वस्तांतली गिटार उघडून बसतो. कारखान्यांत जी जोडणी दुसऱ्यानें आंखलेली असते तीच बिनचूक करावयाची, आणि घरीं मात्र आपल्या मनाची, असा त्याचा दुहेरी संसार आहे. गिटारचें झांकण काढून त्यानें आम्हांस आंतला भाग दाखविला. बाहेर चकचकीत रंग. आंत चार-सहा रंगीत तारा, दोनतीन सोल्डरचे ठिपके आणि बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर. एवढ्यावर त्या वाद्याचा सारा स्वभाव अवलंबून असतो.

कारण टोनचा नॉब सर्वांस दिसतो, परंतु नाद ठरतो तो बव्हंशीं या न दिसणाऱ्या जोडणीनें. घोडीजवळचा पिकअप आणि मानेजवळचा पिकअप एकच तार ऐकतात, तरी दोघांची साक्ष निराळी पडते. पहिला तीक्ष्ण बोलतो, दुसरा भरदार. तारेच्या ज्या जागीं एखादा उपस्वर निश्चल असतो, तेथें ठेवलेल्या पिकअपला तो उपस्वर ऐकूंच येत नाहीं. दोघांस एकामागें एक जोडलें तर नाद दाट होतो, शेजारींशेजारीं जोडलें तर मोकळा. आणि एकाच्या तारा उलट लावल्या तर दोघांच्या साक्षींतील समान भाग एकमेकांस खोडून टाकतो व एक कृश, नाकांतून बोलल्यासारखा स्वर मागें राहतो. ब्रायन मे या इंग्रज वादकानें १९६३ सालीं, शाळकरी वयांत, वडिलांच्या मदतीनें जुन्या शेकोटीच्या लांकडाची गिटार करावयास घेतली. तिच्या तिन्ही पिकअपांना चालू-बंदचा एक आणि सुलट-उलटचा एक असे स्वतंत्र स्विच त्यानें ठेविले. हाच पुढें पांचगणीच्या शाळेंत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा सहकारी झाला. त्याहून बोधप्रद आम्हांस फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरचा इतिहास वाटतो. १९५४ सालीं ती निघाली तेव्हां तिच्या स्विचास तीन जागा होत्या. वादकांनीं तो स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवण्यास सुरुवात केली, कारण तेथें एक घंटेसारखा नाद मिळे. कर्त्यानें न आंखलेल्या त्या जागांना कंपनीनें मान्यता दिली ती १९७७ मध्यें, पांच जागांचा स्विच बसवून. जी सोय योजनेंत नव्हती ती लोकांनीं वापरून वापरून नियम करून घेतली. भाषेच्या व्याकरणाचें असेंच होतें, हें आमच्या व्यवसायबंधूंस सांगणें नको.

टोनच्या नॉबाविषयीं एक पुरवणी येथें जोडली पाहिजे. तो काढून घेतो हें खरें. परंतु काढून घेतल्यावर उरलेलें पूर्वींसारखें राहत नाहीं. नॉब अगदीं शून्यावर नेला म्हणजे पिकअपचे वेढे आणि कपॅसिटर यांची जोडी जमून खालच्या-मधल्या पट्टींत एक नवाच उंचवटा उभा राहतो. एरिक क्लॅप्टनचा १९६७ च्या सुमाराचा जो घुमारदार, जवळजवळ मानवी कंठासारखा नाद प्रसिद्ध आहे, त्याचें मर्म यांतच आहे. म्हणजे गाळणें ही केवळ वजाबाकी नव्हे. वजाबाकीनें उरलेल्या आंकड्यांचेंहि मोल बदलतें. एखाद्या माणसाच्या बोलण्यांतून त्याचे गांवठी उच्चार काढून टाका. तो पूर्वींचाच माणूस कांहीं शब्द कमी होऊन राहतो असें नाहीं. त्याच्या शांत राहण्यालाहि एक निराळा उंचवटा येतो.

यावर शुद्धतेचे पक्षपाती म्हणतील कीं, मग गाळूंच नका. नाद जसा आहे तसा ठेवा. हा सल्ला ऐकावयास उदात्त आहे, परंतु तो पाळतां येण्यासारखा नाहीं. टोनचा नॉब दहावर असला तरी त्याचा रोध वाद्यावर ओझें टाकीतच असतो. म्हणून कोणी २५० किलोओहमचा वापरतात, कोणी ५०० चा, आणि दुसऱ्यांत तीक्ष्णता अधिक टिकते. व्हॉल्यूम कमी केला तर तीक्ष्ण अंश आधीं मावळतो. केबल लांब असली तर तीहि कपॅसिटरचें काम करते व वरचे उपस्वर चाखते. सर्व नॉब काढून टाकले तरी पिकअप कोठें बसविला हा प्रश्न उरतोच. जोडणीवांचून नाद ऐकूं येत नाहीं, आणि प्रत्येक जोडणी कांहीं तरी निवडते.

आपल्याकडे मिरजेच्या कारागिरांस हें तत्त्व विजेवांचूनच ठाऊक होतें. शस्त्रें दुरुस्त करणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सतार-तंबोऱ्याकडे वळले, आणि त्या परंपरेंतून उभ्या राहिलेल्या मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. या कलेचें सर्वस्व जवारींत आहे. घोडीचा माथा कानसेनें इतका किंचित् गोलसर करावयाचा कीं तार त्यावर टेकते न टेकते. आणि तंबोऱ्यांत तारेखालीं सुताचा एक धागा सरकवून जेथें नाद उमलतो तेथें थांबावयाचें. सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें कीं, तार जेथें छेडली तेथें ज्या उपस्वरांची निश्चल गांठ पडते ते यंगच्या नियमाप्रमाणें नादांत उमटूं नयेत. पण तंबोऱ्यांत व वीणेंत ते स्पष्ट उमटतात. गिटारचा कपॅसिटर असलेलें काढून घेतो, आणि मिरजेचा सुताचा धागा नियमानें नसावें तें घडवून आणतो. मात्र खुली जवारी आणि बंद जवारी यांतील निवड येथेंहि माणसासच करावी लागते, आणि जें वाद्य एका घराण्यास खुलें व रसरशीत वाटतें तेंच दुसऱ्यास उथळ वाटतें. (आमच्या विद्यार्थ्यास 'जवारी' म्हटल्यावर प्रथम भाकरीच आठवली. मराठवाड्यांत त्याचा दोष नाहीं.)

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या विद्यार्थ्याची आजी जात्यावर ओव्या म्हणत असे. ती वारली त्याच्या आदल्या वर्षीं, घरीं पिठाची गिरणी असतांहि, नातवाच्या हट्टास्तव ती पुनः जात्यावर बसली, आणि त्यानें मोबाइलवर तिच्या कांहीं ओव्या टिपून घेतल्या. वर्षश्राद्धास नातलग जमतील तेव्हां त्या ऐकवाव्या, आणि खालीं आपल्या गिटारची मंद साथ असावी, असें त्याच्या मनांत आलें. मित्रांनीं ऐकून सल्ला दिला. तो सल्ला घेऊन तो आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, मित्र म्हणतात आजीचा आवाज टोचतो, तेवढी वरची धार काढून टाक, आणि जात्याची घरघर पण. पाच मिनिटांचं काम आहे. काढू का?"

संगणकांत टोनच्या नॉबाचाच एक अतिसूक्ष्म अवतार असतो. नादाच्या कोणत्याहि पट्टींतून हवें तेवढें काढतां येतें. म्हणून काम पांच मिनिटांचेंच होतें.

मित्रांच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें टाकाऊ नाहीं. विजेच्या गिटारींत घरांतील विजेची गुणगुण शिरते. आपल्याकडे ती सेकंदास पन्नास कंपनांची. सेथ लव्हर यानें १९५५ मध्यें दोन वेढी अशीं उलटसुलट जोडलीं कीं गुणगुण एकमेकींस खोडते आणि तारेचा नाद मात्र दुणावतो. ही गुणगुण काढण्यास कोणाची परवानगी घ्यावी? ती तारेची नव्हे, वादकाचीहि नव्हे. ती कोणाचीच नाहीं. मोबाइलच्या यंत्राची खरखर अशीच बेवारशी आहे, ती खुशाल काढावी. दुसरें असें कीं, आपण मृताचें छायाचित्र भिंतीवर लावतों तें निवडून, बरेंसें पाहूनच लावतों. आजीनें स्वतः ऐकलें असतें तर 'जरा गोड कर' असें म्हटलें नसतें कशावरून?

पण जात्याची घरघर ही गुणगुण आहे काय? यंत्राच्या दृष्टीनें दोन्ही सारख्याच. खालच्या पट्टींतली अखंड कुरकुर. येथें यंत्राचा कान संपतो आणि माणसाचा सुरू झाला पाहिजे. हेमा राइरकर व गी प्वातव्हँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि पुढें त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या. या संग्रहावरून वाचकांस हें ठाऊकच असेल कीं ओवी ही मैफलीचें गाणें नव्हे. ती श्रोत्यांसाठीं म्हटली जात नसे. दगडाबरोबर म्हटली जात असे. आमचा तर्क असा कीं, आजीच्या आवाजाची जी वरची धार मित्रांस टोचली ती दगडाच्या आवाजावर उठण्यासाठींच होती. घरघर काढली तर धार निष्कारण कर्कश वाटूं लागते. धार काढली तर दगडापुढें बाई हरल्यासारखी वाटते. दोन्ही काढलीं तर एक सौम्य वृद्धा गादीवर बसून कांहीं गुणगुणत आहे असें चित्र उभें राहतें, आणि तशी बाई त्या घरांत कधींच नव्हती.

याच शहराच्या दुसऱ्या अंगास, देवगिरीस, तेराव्या शतकांत यादव राजा सिंघण याच्या आश्रयास शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यांत त्यानें आवाजाचे गुण सांगितले तसे दोषहि सांगितले. परंतु त्याआधीं कफ, पित्त व वात यांच्या प्राबल्यावरून आवाजाचे भेद पाडले आणि मिश्र आवाजाचाहि वर्ग मानला. आवाज हा देहाचा भाग आहे, अलंकार नव्हे, ही जाणीव त्या वर्गीकरणांत आहे. उलट प्लेटोनें आपल्या आदर्श नगरांत डोरियन व फ्रिजियन या दोनच स्वररचना ठेवून बाकीच्या वर्ज्य केल्या, आणि बहुतंतु वाद्यें करणाऱ्या कारागिरांस थारा दिला नाहीं. प्लेटोचा हेतु नागरिकांचें शील राखण्याचा होता. मित्रांचा हेतु ऐकणाराचें सुख राखण्याचा होता. दोघांसहि नॉब आपल्या हातीं असावा असें वाटतें, हें त्यांच्यांतील साम्य आम्हांस हेतूंच्या भेदाहून महत्त्वाचें वाटतें.

जिवंत माणसानें आपला आवाज स्वतः मऊ केला तर त्यांत अन्याय नाहीं; तो उद्यां नॉब पुनः दहावर नेऊं शकतो. मराठवाड्यांतून आलेली मुलें पुण्याच्या मुलाखतीस जातांना आपली बोली मुठींत झांकून ठेवतात आणि घरीं फोन लावला कीं मूठ उघडतात. ही त्यांची स्वतःची जोडणी आहे, तिचा स्विच त्यांच्याजवळ आहे. बिघाड होतो तो स्विच हरवल्यावर. मृताच्या बाबतींत तर तो प्रथमपासूनच दुसऱ्याच्या हातीं असतो. यावर कोणी म्हणेल, मूळ मुद्रण जपून ठेवलें कीं झालें. हवें तेव्हां परत जातां येईल. परंतु हा जबाब आम्हांस अपुरा वाटतो. मूळ मुद्रण पेटींत राहील आणि लोकांच्या कानांवर गाळलेलेंच पडत राहील. दहा वर्षांनीं कोणी पेटी उघडली तर त्याच्या कानास मूळच बिघडलेलें वाटेल. कारण सर्वांत खोल जोडणी गिटारींत नसते, कानांत असते, आणि तिच्यावर झांकण नसतें कीं स्क्रू काढून पाहतां यावें. ध्वनिक्षेपक आल्यापासून जो आवाज जवळून, हळू व गुळगुळीत येतो तोच आपणांस आपुलकीचा वाटूं लागला आहे. शेतांतून शेतांत हांक मारणारा कंठ आपणांस भांडखोर वाटतो. ही आवड आपण निवडलेली नाहीं. ती आपणांत जोडली गेली आहे.

इतकें सारें आम्ही त्या विद्यार्थ्यास सांगितलें नाहीं. आम्ही त्यास एवढेंच विचारलें कीं, आजी जात्यावर बसे तेव्हां घरांत कोण कोण जागें असे. तो म्हणाला, "कोणीच नाही सर. सगळे झोपलेले. तिच्या आवाजानंच जाग यायची."

पुढें त्यानें जें केलें तें आमच्या उपदेशानें नव्हे. तें त्याला त्याच्या कामांतून सुचलें. यंत्राची खरखर त्यानें काढली. आजीच्या आवाजास व जात्यास हात लावला नाहीं. मग त्याच्या लक्षांत आलें कीं, आजीची धार आणि आपल्या गिटारची तीक्ष्णता एकाच पट्टींत येऊन झगडत आहेत, आणि ऐकणारास टोचतो तो बराचसा हा झगडा आहे. गिटार उघडून त्यानें दोन्ही पिकअप निराळ्या रीतीनें जोडले, मानेजवळचा पुढें ठेवला, मोठा कपॅसिटर बसविला आणि टोनचा नॉब तिनाच्या आसपास आणून ठेवला. वरची जागा आजीसाठीं रिकामी झाली. स्वतःच्या वाद्यांतून एवढें गाळल्यावर त्याची साथ फारशी ऐकूंच येत नाहीं, आणि मित्र अजूनहि त्यास त्यावरून हंसतात.

वर्षश्राद्धाच्या दिवशीं जेवणें झाल्यावर त्यानें तें मुद्रण लावलें. कोणी डोळे पुसले, लहान मुलें कंटाळून बाहेर गेलीं. त्याच्या आत्याबाई मात्र, ज्या त्या जात्याच्या दुसऱ्या बाजूस कित्येक वर्षें बसल्या होत्या, मान एका अंगास कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, आणि संपल्यावर म्हणाल्या, "आवाज मायचाच हाये. पण जातं टाकीला आलं होतं बघ, वरची तळी घसरतीया."